थांब्याचे गाव : स्टिल्टन, ग्रेट नॉर्थ रोड आणि विसावे शतक

इंग्लंडमधील केंब्रिजशर काउंटीत, पीटरबरो शहराच्या दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर स्टिल्टन नावाचे गाव आहे. गावाच्या रुंद मुख्य रस्त्यावर ‘बेल इन’ ही जुनी दगडी सराई उभी असून घोडागाडी आत जाईल एवढी मोठी कमान तिला आहे. या कमानीच्या अंगणाकडील बाजूला लंडन, हंटिंगडन, बकडेन आणि स्टॅमफर्ड यांची अंतरे लिहिलेली आहेत. रस्त्यावरून आत येणाऱ्याला ती दिसत नाहीत; जेवण उरकून, ताजे घोडे जुंपून पुन्हा वाटेला लागणाऱ्या प्रवाशालाच ती समोर दिसतात. म्हणजे ही अंतरे ज्याने लिहवून घेतली, त्याने एक गोष्ट गृहीतच धरली होती, ती ही की प्रवासी आधी येथे थांबलेला असणार.

स्टिल्टनच्या विसाव्या शतकाचा अभ्यास या गृहीतकापासून सुरू करणे मला योग्य वाटते. या गावाची कहाणी साधारणपणे अशी सांगितली जाते की, लंडन ते एडिंबरो हा ग्रेट नॉर्थ रोड गावातून जात होता तोवर गाव भरभराटीत होते आणि बायपास झाला तसे ते कोमेजले. ही मांडणी चूक नाही, पण अपुरी आहे. स्टिल्टनची उपजीविका रस्त्यावर कधीच नव्हती; ती थांब्यावर होती, आणि विसाव्या शतकात आधी थांबा सुटला, रस्ता त्यानंतर गेला. हा क्रम लक्षात घेतला नाही तर बायपासनंतर गावाने जे काही केले, त्यातले बरेचसे निव्वळ हौस वाटू लागते.

विसाव्या शतकाच्या वाट्याला आलेले गाव

पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे भाग आहे. रोमनांनी बांधलेला अर्माइन स्ट्रीट हा मार्ग येथूनच जात होता आणि पुढे त्याच्याच आधाराने ग्रेट नॉर्थ रोड घडला. अठराव्या शतकात या रस्त्यावर टपालाच्या व प्रवाशांच्या घोडागाड्यांची वाहतूक वाढली. घोडा भरधाव वेगाने दहा-पंधरा मैलांपलीकडे ओढू शकत नाही. त्यामुळे तेवढ्या अंतरावर घोडे बदलणे अटळ होते, आणि त्या अंतरावर येणारी गावे आपोआप थांबे झाली. घोडे बदलायचे म्हणजे पागा हवी, मोतद्दार हवेत, नालबंद हवा, दाणावैरण हवी, आणि तेवढ्या वेळात प्रवाशाला जेवण व वेळप्रसंगी बिछाना हवा. गावातल्या बेल, एंजल आणि टॅलबट या सराया म्हणजे केवळ खाण्यापिण्याची ठिकाणे नव्हती. गावाचा रोजगार त्यांच्याभोवती फिरत होता.

या व्यवस्थेची ताकद किती होती, हे बेलचा मालक कूपर थॉर्नहिल याने १७४५ साली पैजेवर केलेल्या घोडदौडीतून दिसते. तो स्टिल्टनहून लंडनमधील शोरडिचला गेला, तेथून स्टिल्टनला परतला आणि पुन्हा शोरडिचला पोहोचला. २१३ मैलांचे हे अंतर त्याने सुमारे सव्वाबारा तासांत तोडले. ही दौड एका घोड्याची नव्हती, वाटेत ठिकठिकाणी ताजे घोडे सज्ज होते. तासाला सरासरी सतरा मैलांहून किंचित अधिक असा त्याचा वेग पडतो. ब्रिटिश संसदेने १९०३ साली मोटारींसाठी कमाल वेग ठरवला तो ताशी वीस मैल होता. दीडशेहून अधिक वर्षांत कायद्याने मान्य केलेला वेग थॉर्नहिलच्या पुढे तीन मैलही सरकला नव्हता, ही बाब जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.

गावाचे नाव जगभर पोहोचवणारे चीज हेही थांब्याचेच अपत्य होते. इंग्रज लेखक डॅनियल डिफो १७२० च्या दशकात या भागाचे वर्णन करताना स्टिल्टनच्या चिजाचा उल्लेख करतो आणि त्यावर किडे इतके दाट असत की ते खाण्यासाठी सोबत चमचा दिला जाई, असे सांगतो. पुढे थॉर्नहिलने लेस्टरशरमधील वायमंडहॅम गावच्या फ्रान्सेस पॉलेट या बाईंकडून चीज घेऊन बेलमध्ये विकण्याचा व्यवहार सुरू केला. प्रवासी ते येथे चाखत, विकत घेत आणि लंडनला गेल्यावर ‘स्टिल्टनचे चीज’ म्हणून त्याचे नाव काढत. वस्तू जेथे बनली त्या गावाचे नाव मागे राहिले आणि जेथे गाडी थांबली त्या गावाचे नाव तिला चिकटले. विसाव्या शतकात या नावावरून जो तंटा झाला, त्याचे मूळ येथे आहे.

१८५० मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा लोहमार्ग स्टिल्टनच्या पूर्वेकडील सखल फेन प्रदेशातून पीटरबरोला पोहोचला आणि लांब पल्ल्याच्या घोडागाड्यांचे दिवस संपले. जवळची स्थानके होल्म आणि यॅक्स्ली येथे होती, स्टिल्टनमध्ये नव्हे. त्यामुळे १९०० साली जे गाव विसाव्या शतकात शिरले, ते उतरती कळा लागलेले गाव होते. गिऱ्हाइकाच्या मानाने सराया फार मोठ्या होत्या, रस्ता गरजेपेक्षा कितीतरी रुंद होता आणि रोजगार शेतीकडे किंवा फ्लेटन-यॅक्स्ली पट्ट्यातील वीटभट्ट्यांकडे वळला होता. बायपासने गाव ओस पाडले असे म्हणणाऱ्यांनी हे चित्र आठवावे. ओस पडण्याचा अनुभव गावाने एकदा आधीच घेतला होता.

परतलेली वर्दळ

विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत रस्ता पुन्हा जागा झाला, आणि या प्रकरणातला सर्वांत बोधक काळ मला हाच वाटतो. सुरुवात सायकलस्वारांनी केली. लंडनचा नॉर्थ रोड सायकलिंग क्लब १८८५ साली स्थापन झाला होता आणि त्याच्या नावातच हा रस्ता होता. सायकलस्वाराला घोडे बदलायचे नसतात, पण भूक, तहान आणि थकवा त्यालाही असतो. रस्त्यावरच्या जुन्या सरायांना तो उपयोगी गिऱ्हाईक ठरला. त्याच्यामागोमाग मोटार आली.

सुरुवातीची मोटार रस्त्याकाठच्या गावांना एकाच वेळी हवीशी आणि नकोशी होती. खडी आणि माती दाबून केलेले रस्ते घोड्याच्या टापांना आणि संथ चाकांना पुरेसे होते. रबरी टायरच्या वेगवान चाकांनी मात्र त्यांचा भुगा करून उधळायला सुरुवात केली. उन्हाळ्यात रस्त्याला लागून असलेल्या घरांच्या खिडक्या उघडता येईनात, कुंपणावरची झाडे पांढरी पडू लागली, आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागू लागले. धुळीची ही तक्रार इंग्लंडभर एवढी वाढली की डांबरी रस्त्यांमागे वेगाच्या सोयीइतकीच ही धूळही कारणीभूत आहे. १९०२ साली एडगर पर्नेल हूली याने खडीत डांबर मिसळून ‘टारमॅक’चे पेटंट घेतले, आणि पुढल्या दोन दशकांत मुख्य रस्ते हळूहळू काळे झाले.

दुसरीकडे ही मोटार वारंवार थांबत होती, आणि गावाला तेच हवे होते. टायर फुटत, इंजिनात पाणी घालावे लागे, आणि पेट्रोल दोन गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून विकले जाई. असे डबे ठेवायला वेगळे दुकान लागत नव्हते. लोहार, सायकल दुरुस्त करणारा, लोखंडी सामानाचा दुकानदार किंवा सराईवाला यांपैकी कोणीही ते ठेवू शके. रस्त्याकडेच्या गावांतून नाल ठोकणारा लोहार पाहता पाहता मोटार दुरुस्त करणारा मेकॅनिक झाला, तो याच वाटेने. ब्रिटनमधील पहिले पेट्रोल भरण्याचे केंद्र ऑटोमोबाइल असोसिएशनने १९१९ साली बर्कशरमधील ऑल्डरमॅस्टन येथे उघडले. १९२० च्या दशकात असे पंप रस्त्यांवर सर्वत्र दिसू लागले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यांना क्रमांक देण्यात आले तेव्हा ग्रेट नॉर्थ रोडला मान मिळाला तो ‘ए-वन’चा. १९३६ च्या कायद्याने प्रमुख रस्ते काउंटीकडून काढून थेट वाहतूक मंत्रालयाच्या ताब्यात दिले. गावासमोरच्या रस्त्याचा मालक आता लंडनमध्ये बसत होता, याला पुढे महत्त्व आले.

याच काळात, कोणाच्या फारसे ध्यानात न येता, थांबा पातळ होत होता. घोड्याला दर दहा-पंधरा मैलांवर थांबणे भाग होते. १९१० च्या मोटारीला दिवसातून काही वेळा थांबावे लागे. १९३५ ची मोटार लंडनहून निघून स्टिल्टनला न थांबता यॉर्कशरपर्यंत जाऊ शकत होती. रस्त्यावरची वाहने दर वर्षी वाढत होती आणि त्यांतल्या प्रत्येक वाहनाची थांबण्याची निकड दर वर्षी घटत होती. वाहने मोजणाऱ्याला यात भरभराट दिसली असती. सराईचा गल्ला मोजणाऱ्याला तसे दिसले असतेच असे नाही. १९३५ पासून वस्तीतून जाताना ताशी तीस मैलांची मर्यादा आली. कायद्याच्या भाषेत गाव आता वेग कमी करण्याचे ठिकाण झाले होते, आणि घाईत असलेल्या माणसाला अशा गावाबद्दल माया वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या वर्दळीत लष्करी ताफ्यांची भर घातली. स्टिल्टनच्या परिसरात ग्लॅटन, पोलब्रुक, अल्कनबरी असे विमानतळ होते आणि तेथे अमेरिकी बॉम्बफेकी विमानांची दले होती. युद्धानंतर पेट्रोलचे रेशनिंग १९५० मध्ये उठले, आणि पुढल्या दहा वर्षांत ब्रिटनमधील खासगी मोटारींची संख्या दुपटीच्याही पुढे गेली. दिवसा मोटारी आणि रात्री मालमोटारी अशी ए-वनची स्थिती झाली. रस्त्याकाठच्या घरात राहणाऱ्यासाठी ही स्थिती भरभराटीची नव्हे, त्रासाचीच अधिक होती. बायपास गावांवर लादले गेले, असे म्हणताना हे विसरले जाते की ए-वनकाठच्या अनेक वस्त्यांना ते हवेच होते.

बायपास आणि त्यानंतरची युक्ती

१९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिल्टनचा बायपास झाला. तो एका मोठ्या मालिकेतला होता. स्टॅमफर्ड १९६० मध्ये, डॉन्कास्टर १९६१ मध्ये, ग्रँथम १९६२ मध्ये आणि न्यूअर्क १९६४ मध्ये याच पद्धतीने वगळले गेले. मात्र ही सारी शहरे होती. त्यांना आपापली बाजारपेठ होती, कारखाने होते, आसपासच्या खेड्यांचे गिऱ्हाईक होते. रस्ता गेल्याने त्यांची कोंडी सुटली. स्टिल्टनला असा दुसरा आधार नव्हता. भर म्हणजे होल्म आणि यॅक्स्ली ही दोन्ही रेल्वे स्थानके १९५९ सालीच प्रवाशांसाठी बंद झाली. एकाच सुमारास रस्ता बाजूला सरकला आणि रेल्वेही थांबेनाशी झाली. गाड्या धावतच होत्या, अगदी गावाच्या कानावर आवाज यावा इतक्या जवळून, पण थांबत नव्हत्या.

गावाने यावर काढलेली युक्ती प्रथमदर्शनी विनोदी वाटते. रिकाम्या झालेल्या मुख्य रस्त्यावर चीज गडगडवत नेण्याची शर्यत सुरू झाली. ही प्रथा पुरातन असल्याचे सांगितले गेले, पण तिची सुरुवात साधारणपणे १९५९ च्या सुमाराची मानली जाते, म्हणजे बायपास आणि ‘पुरातन’ प्रथा यांचे वय जवळपास सारखेच आहे. चार-चार जणांचे संघ, अनेकदा चित्रविचित्र पोशाखात, चिजाच्या आकाराचा लाकडी ठोकळा रस्त्यावरून ढकलत अंतिम रेषेपर्यंत नेत. हा ठोकळा म्हणजे तारेच्या खांबाचा कापलेला तुकडा, वर चिजासारखा रंग दिलेला. खरे चीज विजेत्यांना बक्षीस म्हणून मिळे. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारची बँक हॉलिडे १९७८ पासून सुरू झाल्यावर शर्यतीला तो मुहूर्त मिळाला.

या शर्यतीकडे मी केवळ करमणूक म्हणून पाहत नाही. ग्रेट नॉर्थ रोडवर अशी शर्यत घेणे अशक्यच होते. राष्ट्रीय मार्ग काही तासांसाठी अडवून त्यावर लाकडी ठोकळे ढकलायला परवानगी कोणी दिली असती? बायपासने गावाकडून प्रवासी नेला, पण रस्ता मागे ठेवला, आणि तो रस्ता आता खऱ्या अर्थाने गावाच्या ताब्यात होता. त्या मोकळ्या रुंदीचाच गावाने उपयोग केला. पूर्वी गरज प्रवाशाला थांबायला लावत होती; आता गाव कारण निर्माण करून त्याला बोलावत होते. वर्षातून एक दिवस का होईना, थांबा परत आला. फरक एवढाच की घोडे दमणे हे कारण रोज घडते, उत्सव हे कारण रोज घडत नाही.

चिजाच्या नावावरचा हक्क मात्र गावाला राखता आला नाही. स्टिल्टन चीज बनवणाऱ्या उत्पादकांच्या संघटनेने १९६६ साली या नावासाठी प्रमाणन चिन्ह मिळवले. १९९६ साली युरोपीय संघाचे संरक्षित मूळस्थानाचे मानांकन मिळाले. आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला मिळालेले भौगोलिक मानांकन ज्या जातीचे आहे, त्याच जातीची ही व्यवस्था आहे. नियम असा की हे चीज फक्त डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच काउंट्यांत, तेथील दुधापासून बनवता येईल. स्टिल्टन गाव मूळचे हंटिंगडनशरमधले आणि १९७४ च्या फेररचनेनंतर केंब्रिजशरमधले. त्यामुळे स्टिल्टन गावात बनलेल्या चिजाला स्टिल्टन म्हणण्यास कायद्याने बंदी झाली.

या नियमावर हसणे सोपे आहे, आणि वृत्तपत्रे अधूनमधून हसलीही. पण नियम निराधार नव्हता. बेलमध्ये विकले जाणारे चीज मुख्यतः लेस्टरशर परिसरातून येत होते, हे थॉर्नहिल आणि पॉलेट यांच्या व्यवहारातूनच दिसते. गावकऱ्यांनी याला उत्तर म्हणून अठराव्या शतकातील पुरावे पुढे केले, त्या काळी गावातही चीज बनत असे असे दाखवण्याचा प्रयत्न केला आणि नियम बदलण्याची मागणी सरकारकडे केली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती फेटाळली गेली. माझ्या मते वादाची मांडणीच गावाला प्रतिकूल होती. मूळस्थानाचा कायदा वस्तू कोठे बनते एवढेच विचारतो. वस्तूला गिऱ्हाईक कोठे मिळाले आणि तिचे नाव कोणाच्या दारात रूढ झाले, या प्रश्नाला त्या कायद्यात रकानाच नाही. स्टिल्टनचे योगदान नेमके त्या रकान्यातले होते.

वस्तीचे गाव

१९६७ साली पीटरबरोची ‘न्यू टाउन’ म्हणून निवड झाली आणि शहराच्या नियोजनबद्ध वाढीला सुरुवात झाली. लंडनला जाणाऱ्या जलद गाड्यांमुळे पीटरबरो राजधानीपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर आले. स्टिल्टनमध्ये नवी घरे उभी राहिली ती या नोकरदारांसाठी. घोडागाड्यांच्या काळात काही शेकड्यांत असलेली गावाची लोकसंख्या शतक संपताना अडीच हजारांच्या आसपास पोहोचली. म्हणजे गाव मोडले म्हणावे, तर ते त्याच्या वैभवाच्या काळापेक्षा कितीतरी मोठे झालेले आहे. बदल झाला तो दिशेत. पूर्वी लोक येथे येऊन थांबत आणि गावातले लोक गावातच काम करीत. आता गावातले लोक सकाळी बाहेर जातात आणि संध्याकाळी मुक्कामाला येतात. बेल इन पडझडीच्या अवस्थेपर्यंत पोहोचली होती. १९८० च्या दशकात तिची डागडुजी होऊन ती पुन्हा हॉटेल म्हणून चालू लागली. तिच्याकडे येणारा पाहुणा मात्र वाटसरू राहिला नाही. तो लग्नासाठी, मेजवानीसाठी, किंवा जुन्या सराईत राहण्याच्या हौसेने, पत्ता शोधत मुद्दाम येतो.

गावाच्या उत्तरेला नॉर्मन क्रॉस आहे. नेपोलियनच्या काळातील युद्धकैद्यांची मोठी छावणी १७९७ पासून तेथे होती. छावणीत मरण पावलेल्या कैद्यांसाठी जुलै १९१४ मध्ये रस्त्याच्या कडेला, वर ब्राँझचा गरुड बसवलेला स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरण्यास तेव्हा काही दिवसच उरले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे म्हणून रस्त्यालगत बसवलेला हा गरुड १९९० मध्ये चोरीला गेला. भरधाव रस्त्याच्या कडेला ये-जा करणारे हजारो असतात आणि पाहणारा कोणी नसतो, याचे इतके रोकडे उदाहरण सहसा सापडत नाही. नव्या जागी, नव्या गरुडासह स्तंभ पुन्हा उभा राहिला तो २००५ मध्ये.

१९९८ मध्ये अल्कनबरी ते पीटरबरो हा ए-वनचा तुकडा पूर्ण दर्जाचा मोटरवे, म्हणजे जलदगती महामार्ग, झाला आणि बायपासही जुना ठरला. हा मोटरवे खासगी कंपनीने बांधायचा, चालवायचा आणि वाहनांच्या संख्येनुसार सरकारने तिला पैसे द्यायचे, अशी व्यवस्था होती. तिला ‘शॅडो टोल’ म्हणतात, कारण चालकाला नाका दिसत नाही आणि त्याच्या खिशातून थेट काही जात नाही. योगायोग असा की इंग्लंडमधील पहिल्या पथकर कायद्याने, १६६३ साली, याच रस्त्यावर ज्या तीन ठिकाणी नाके नेमले होते त्यांत वेड्समिल आणि कॅक्स्टन यांच्याबरोबर स्टिल्टनचेही नाव होते. गावकऱ्यांच्या विरोधामुळे स्टिल्टनचा नाका प्रत्यक्षात सुरूच झाला नाही. १९९८ मध्ये विरोध करायला नाकाच उभा नव्हता. मोजणी रस्त्यालगतची यंत्रे करत होती.

त्याच मोटरवेवर, स्टिल्टनच्या उत्तरेला सतराव्या जंक्शनपाशी हॅडन येथे, सेवास्थानक आहे. इंधन, जेवण, स्वच्छतागृह आणि रात्रीची खोली या चारही गोष्टी तेथे एका आवारात मिळतात. बेल, एंजल आणि टॅलबट मिळून जे पुरवत होते, ते सगळे तेथे आहे. त्या आवारातून बाहेर पडणारा रस्ता थेट मोटरवेला लागतो. स्टिल्टनचा मुख्य रस्ता त्या वाटेवर येत नाही.